सदतीस नंबरचा खिळा

नथ्थूजी सोनटक्के यांना पहिल्यांदा पाहिलं तेव्हा माझ्या मनात आलं, या माणसाने मनावर घेतलं तर आठवड्याभरात अर्ध्या जबलपूरच्या गाड्या नाहीशा होतील.

कमानिया गेटकडून भांड्यांच्या दुकानांच्या गल्लीत वळलं की एका जिन्याखाली त्यांची टपरी आहे. आत एक माणूस बसेल आणि बाहेर दोघंतिघं उभी राहतील एवढीच जागा. समोर फळीवर किल्ल्या कापायचं यंत्र, कानशी, तेलाची बाटली. मागच्या भिंतीवर हिरव्या रंगाचा लाकडी बोर्ड. त्यावर ओळीने ठोकलेले खिळे आणि जवळजवळ प्रत्येक खिळ्यावर एक किल्ली. नाव कुणाचंच नाही, नुसते आकडे. दुसऱ्यांच्या किल्ल्या अशा भिंतीवर टांगून बसणाऱ्या माणसाकडे मी माझ्या मुलीच्या, प्रणोतीच्या, गाडीचं कुलूप करायला गेले होते.

मी संशयी आहे हे घरात सगळ्यांना ठाऊक आहे. प्रणोतीचे बाबा तिला म्हणतात, "तुझी आई नर्मदेलासुद्धा विचारेल, निघालीस कुठे आणि परत कधी येणार." म्हणू देत. एकुलती एक मुलगी रोज सकाळी एकटी हमरस्त्याला लागते, तिच्या आईने विचारायचं नाही तर कुणी विचारायचं?

प्रणोतीला शहराबाहेर, पनागरच्या एका शाळेत नोकरी लागली. ती म्हणाली, स्कूटी घेते. त्या रस्त्यावरचे ट्रक मी पाहिलेले आहेत. मी म्हटलं, चार चाकं आणि डोक्यावर छप्पर असल्याशिवाय तू पनागरला जायचं नाहीस. म्हणून एक जुनी पांढरी गाडी घेतली. विकणारा मोठा सभ्य माणूस होता. नऊ वर्षांची सगळी कागदपत्रं प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये तारखेवार लावलेली. पण किल्ली एकच दिली. म्हणाला, "दूसरी कहीं गुम गई, आंटीजी."

मला ते पटलं नाही. ज्या माणसाने नऊ वर्षांपूर्वीची टायरची पावती जपली, त्याची किल्ली हरवते? म्हणजे ती दुसरी किल्ली या गावात कुणाच्या तरी खिशात आहे. आमच्या गल्लीत ती गाडी उभी असते हेही त्या कुणाला कळणं अवघड नाही. हे एकदा डोक्यात आल्यावर मी रोज उठल्या उठल्या आधी बाल्कनीत जायला लागले. गाडी दिसली की मग चहाचं आधण.

त्यातच एक दिवस दुपारी प्रणोतीचा फोन आला. "आई, चाबी घूम ही नहीं रही. स्टिअरिंगपण जाम आहे." कुणीतरी गाडीत शिरायचा प्रयत्न केला असणार! मी तिला सांगितलं, गाडीला हात लावू नकोस, शाळेत जाऊन बस. मग दहा मिनिटांनी तिचाच फोन. शाळेच्या वॉचमनने येऊन चाक जरा डावीउजवीकडे हलवलं, त्याच वेळी किल्ली फिरवली आणि गाडी सुरू झाली.

"त्याला कसं माहीत?" मी विचारलं.

"आई, बस ना यार. अब वॉचमन भी चोर?"

चोर असं मी म्हटलं नव्हतं. पण दुसऱ्या दिवशी प्रणोतीच्या बाबांना घेऊन मी नथ्थूजींच्या टपरीवर उभी होते. बाबांच्या ऑफिसातल्या कपाटांच्या किल्ल्या पूर्वी त्यांनीच केलेल्या. मराठी माणूस आहे, काटोलकडचा, हेही बाबांनीच सांगितलं. जणू काटोलकडचा म्हणजे प्रामाणिकच.

सत्तरीला टेकलेला, काटकुळा, कानावर पेन्सिल अडकवलेला माणूस. माझं सगळं ऐकून घेतलं आणि हसला.

"ताई, वॉचमनले येते, ड्रायव्हरले येते. तुमाले नाही येत, एवढंच."

मग त्यांनी फळीखालून एक वस्तू काढली. जुन्या गाडीच्या स्टिअरिंगखालचं कुलूप, एका बाजूने कापून उघडं केलेलं, आतलं सगळं दिसेल असं. मी बी.एस्सी. झालेली बाई आहे, पण इतकी वर्षं गाडीत बसून मला हे माहीत नव्हतं. किल्ली काढली की आतला एक लोखंडी खटका मोकळा होतो. त्याच्यामागे स्प्रिंग असते. मग चाक जरा फिरलं की खटका स्टिअरिंगच्या दांड्यातल्या खाचेत टक्कन बसतो आणि चाक अडकतं. किल्ली घालून फिरवली की खटका मागे ओढला जातो. पण चाकाचा जोर खटक्यावर पडला असेल तर तो खाचेत घट्ट धरला जातो, मागे येत नाही, म्हणून किल्लीही फिरत नाही. चाक किंचित हलवून तो जोर काढायचा, बस.

"म्हणजे कुणी छेडलं नव्हतं?"

"कोणी नाही. पोरीनं उतरता उतरता चाकाले धरून पाय टाकला असन खाली, तेव्हा फिरलं."

"मग या कुलपाने चोर थांबतो का?"

नथ्थूजींनी खटका बोटाने दोनतीनदा मागेपुढे केला. "जो आजच चोर झाला, तो थांबते. जो धंदा करून राहिला, त्याच्यासाठी हे दरवाज्याची कडी आहे. घरात कोणी आहे का, इतकं इचारायपुरती."

त्यांच्याजवळ स्वतः बनवलेला दांडा होता. लाल रंगाचा, हातभर लांब, आत सरकणारा. खालचा आकडा क्लचच्या पेडलला, वरचा चाकाला. लावला की क्लच दाबता येत नाही आणि चाक फिरत नाही.

"हा तुटत नाही?" प्रणोतीच्या बाबांनी विचारलं.

"काहून नाही तुटणार? न तुटणारी वस्तू मी बनवली नाही अजून. अन् दांडा काहून तोडा, चाकच कापून टाकते ना! आतून पतली सळी असते. पण त्याले आरी लागते, आवाज होते, टाइम लागते. चोर लोखंडाले नाही भीत जी. टाइमले भीते."

"मग तो काय करतो?"

"शेजारची गाडी पाहते," नथ्थूजी म्हणाले. हे ते इतक्या सहज म्हणाले की मला तेव्हा त्यात काही वाटलं नाही.

मोजमाप लिहून घेताना त्यांनी विचारायला सुरुवात केली. गाडी कुठे उभी राहते? गल्लीत की फाटकाच्या आत? तोंड भिंतीकडे असतं की रस्त्याकडे? खांबावरचा दिवा लागतो का? कुत्रं आहे का? मुलगी किती वाजता निघते, येते किती वाजता?

पहिल्या तीन प्रश्नांची उत्तरं मी दिली. मग माझ्या लक्षात आलं, चोराला जे विचारायचं असतं ते नेमकं हेच. मी म्हटलं, "हे सगळं कशाला हवं तुम्हाला?"

"गाडीचं तोंड भिंतीकडे करा अन् चाक पूर्ण वळवून ठेवा, इतकं सांगाले," ते म्हणाले आणि पेन्सिल परत कानावर ठेवली.

तीन दिवसांनी दांडा तयार झाला. दोन किल्ल्या, एकीवर ठोकलेलं "३७ क" आणि दुसरीवर "३७ ख". पहिली त्यांनी माझ्या हातात दिली. दुसरी सरळ सदतीस नंबरच्या खिळ्याला लावली.

"ती का नाही देत?"

"ती इथं राहीन. तुमची हरवली तर रडत नाही बसायचं. यायचं, घेऊन जायचं."

"आणि तुमच्याकडून हरवली तर?"

"चौतीस वर्षं टूल रूममधी होतो, ताई. हरवत नाही."

"नको," मी म्हटलं. "दोन्ही द्या."

ते माझ्याकडे बघत राहिले. राग नव्हता, पण काहीतरी मोजत होते. मग त्यांनी किल्ली काढून दिली आणि खणातून रुपयाएवढा पितळी बिल्ला काढून त्याच खिळ्याला अडकवला. बिल्ल्यावरही सदतीस.

"हा कशाला?"

"वस्तू गेली तर तिच्या जागी बिल्ला लागते. कोणापाशी गेली ते बिल्ला सांगते. आमचा कायदा आहे तो."

त्या कायद्यामागची हकिगत त्यांनी नंतर कधीतरी सांगितली, पण ती इथेच सांगते. नथ्थूजी एकोणिसाव्या वर्षी इथल्या एका कारखान्याच्या टूल रूममध्ये लागले. कामगाराने खिडकीशी यायचं, आपला बिल्ला द्यायचा, औजार घ्यायचं. औजाराच्या जागी बिल्ला लटकतो. संध्याकाळी औजार आलं की बिल्ला परत. सोपं आहे. पण नोकरीच्या दुसऱ्याच वर्षी एका ओळखीच्या माणसाने घाईत एक मायक्रोमीटर नेलं आणि म्हणाला, "बिल्ला नंतर देतो, नथ्थू." मोजमापाचं महागाचं यंत्र ते. संध्याकाळी खिळा रिकामा आणि तो माणूस म्हणतो, मी नेलंच नाही. सतरा दिवस नथ्थूजींची गेटवर झडती होत होती. डबासुद्धा उघडून बघत. अठराव्या दिवशी ते यंत्र एका लेथमागे कापसाच्या बोळ्यांत सापडलं. कुणी माफी मागितली नाही.

"तेव्हापासून समजलं," ते म्हणाले. "संशय माणसावर नाही येत, रिकाम्या खिळ्यावर येते. खिळा रिकामा नाही ठेवायचा."

त्यांच्या पत्नी, जयाबाई, कधी डबा घेऊन टपरीवर येतात. त्या म्हणतात, "घरात झारा मागितला तरी हे माझ्या हातात बिल्ला पाहतात. लग्नात मंगळसूत्र घातलं, तेव्हा बिल्ला मागायचा राहून गेला, त्याचा पस्तावा करून राहिले अजून."

दांडा चांगला होता, हे मला मान्य करावं लागलं. संध्याकाळी प्रणोती आली की मी वरून बघायची. ती वाकून खालचा आकडा अडकवेपर्यंत आत वळायची नाही. ती वर येऊन म्हणायची, "आई, क्लचला नमस्कार करून आले. खूश?" दोन्ही किल्ल्यांपैकी एक तिच्याकडे. दुसरी मी देवघराच्या खणात, वातींच्या डब्याखाली ठेवली.

आमच्या शेजारी अतुल राहतो. केंद्र सरकारच्या एका ऑफिसात आहे, स्वभावाने गरीब, त्याची बायको हेमलता मात्र बोलायला खमकी. त्याची गाडी आमच्या गाडीशेजारीच उभी असते. असते म्हणजे असायची. लाल दांडा बघून त्यानेही विचारलं आणि मीच त्याला नथ्थूजींकडे पाठवलं. त्याचा नंबर एकेचाळीस. त्याने मात्र दुसरी किल्ली बोर्डावर राहू दिली. "कौन संभाले काकू, बुढ़ऊ सांभाळतात तर सांभाळू दे."

ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात, एका गुरुवारी, सहाच्या सुमाराला मी नेहमीप्रमाणे बाल्कनीत गेले. आमची गाडी होती. काचेतून लाल दांडा दिसत होता. खाली अतुल उभा होता, पाठमोरा, वाकलेला. फिरायला निघाला असेल, बुटाची नाडी बांधतोय असं वाटलं. मी माझी गाडी बघायला गेले होते, ती दिसली, मी आत वळून आधण ठेवलं.

चहा गाळत होते तेवढ्यात खालून ओरडा आला. "काकू! गाडी गेली! माझी गाडी गेली!" अतुल स्लीपर फटफटवत जिना चढून वर आला होता. त्याच्या कपाळावरचा घाम मला अजून दिसतो.

आम्ही सगळे खाली गेलो. गाडीच्या जागी काचेचा चुरा, स्टिअरिंगखालच्या काळ्या प्लास्टिकचे तुकडे आणि लाल दांडा. दांड्यावर एक ओरखडाही नव्हता.

"देख लीजिए," अतुल म्हणाला. "ना कटा, ना टूटा. मी रात्री लावला होता काकू, बरोबर लावला होता. हे चाबीनंच उघडलंय."

"और दूसरी चाबी उसी बुड्ढे के पास टंगी है," हेमलता म्हणाली. "दुनिया की चाबी टांग के बैठा है, और हम भरोसा करते हैं!"

एव्हाना गल्लीतले आठदहा जण जमले होते. मी गप्प बसायला हवं होतं. पण महिनोन्महिने मनात साठलेलं सगळं बाहेर पडलं. नथ्थूजींनी दिव्याचं विचारलं, कुत्र्याचं विचारलं, मुलगी किती वाजता निघते ते विचारलं, मी दुसरी किल्ली मागितली तर आधी देत नव्हते, सगळं मी सांगितलं. सांगताना मला बरंही वाटत होतं. इतके दिवस सगळे मला हसत होते आणि आता सगळे ऐकत होते.

दुपारी अतुल ठाण्यात द्यायचा अर्ज टाइप करून घेऊन आला. हिंदीत, दीड पान. त्यात नथ्थूजींचं पूर्ण नाव, टपरीचा पत्ता, बोर्डाची माहिती आणि शेवटी साक्षीदार म्हणून माझं नाव. खाली रेघ, सहीसाठी.

"काकू, सही करून द्या. पुलिस बोर्ड जप्त करेल, मग निकलेगा सब."

मी पेन घेतलं. प्रणोतीचे बाबा इतका वेळ पेपर वाचत होते. ते पेपरच्या मागूनच म्हणाले, "सही करायच्या आधी तो खिळा एकदा बघून या. एकेचाळीस नंबरचा. बिल्ला आहे की किल्ली आहे की काहीच नाही, एवढं तर बघा."

अतुलला ते आवडलं. बोर्डाचा फोटो काढता येईल, असं त्याला वाटलं. दांडा त्याने पुरावा म्हणून कापडी पिशवीत घेतला आणि आम्ही तिघं ऑटोने कमानियाला गेलो. अर्ज माझ्या पर्समध्ये होता.

नथ्थूजी एका कुलपाची किल्ली घासत होते. जयाबाई बाजूला डबा उघडत होत्या. एकेचाळीस नंबरच्या खिळ्यावर किल्ली होती, "४१ ख". अतुलने मोबाइल काढून धडाधड फोटो घेतले.

"काय झालं जी?" नथ्थूजींनी विचारलं.

अतुलने सांगितलं. आवाज चढत गेला. शेजारच्या भांड्याच्या दुकानातली गिऱ्हाइकं वळून बघायला लागली. "चाबी इथं टांगलेली आहे, हे काय सबूत नाही. काम करके वापस टांग दी होगी."

"हो," नथ्थूजी म्हणाले, "टांगता येते."

मला वाटलं, म्हातारा कबूल करतोय. पण त्यांनी हात पुढे केला. "दांडा दाखवा."

त्यांनी तो पिशवीतून काढला, आडवा धरला, अंगठ्याने कुलपाचं तोंड चाचपलं. मग दोन्ही टोकं धरून ओढून बघितलं. दांडा आत सरकेना, बाहेर येईना.

"हे असंच सापडलं?"

"ऐसा ही. जमीन पे पड़ा था."

"अन् चाबी?"

"चाबी कहाँ से होगी? चोर ले गया ना. या आपने रख ली."

नथ्थूजींनी दांडा फळीवर ठेवला. "भैया, हे कुलूप लागलेलं आहे. बंद आहे."

"तो?"

"तर चोरानं कुलूप उघडलं, दांडा काढला, खाली टाकला अन् मंग त्याले पुन्हा कुलूप लावून गेला? गाडी सोडून दांड्याची काळजी करून राहिला?"

नथ्थूजी माझ्याकडे वळले. का ते माहीत नाही, पण पुढचं सगळं त्यांनी मला सांगितलं.

"ताई, माझ्या दांड्यातून चाबी उघड्यावर निघत नाही. कुलूप उघडं असन तर चाबी आत फसून राहते. बाहेर काढायची तर आधी कुलूप लावा लागते. मी मुद्दाम तसं बनवतो. नाही तर लोकं दांडा उघडाच लटकवतात चाकाले अन् चाबी खिशात घालून झोपतात. आता हे कुलूप कोणी लावलं? ज्याले चाबी परत पाहिजे होती त्यानं. या दोनच चाब्या आहेत. एक माझी, एक यांची. म्हणून मी असन किंवा हे. तिसरा नाही."

"देखा!" अतुल म्हणाला. "खुद बोल रहे हैं!"

"बोलून राहिलो," नथ्थूजी म्हणाले. "मी नाही केलं, हे मले सिद्ध नाही करता येत. पुलिस आली तर बोर्ड घेऊन जाईन. बासष्ट लोकांच्या चाब्या आहेत. एकदा ठाण्यात गेल्या की पुन्हा कोणी माझ्यापाशी काही ठेवीन काय? घरी बसा लागन." त्यांनी पुन्हा कानस उचलली, पण लावायची कुठे ते त्यांना सुचत नव्हतं. जयाबाईंनी डबा तसाच बंद केला.

मी त्या माणसाकडे बघत होते. मी किंवा हा, असं स्वतःचं नाव आधी घेणारा माणूस खरा की फार हुशार? माझा संशय तेव्हाही गेलेला नव्हता. फक्त तो दोघांत वाटला गेला होता. आणि अतुलच्या पायांकडे माझं लक्ष गेलं. त्याने ऑफिसचे बूट घातले होते.

"अतुल," मी म्हटलं, "सकाळी तू वर धावत आलास, तेव्हा तुझ्या पायात काय होतं?"

प्रणोतीच्या बाबांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मला ऊन लागलंय.

"स्लीपर. क्यों काकू?"

"मग त्याच्या आधी दहा मिनिटं खाली वाकून नाडी कशाची बांधत होतास?"

सकाळी जे बघितलं ते मला आता दिसलं. वाकलेली पाठ, कोपर पोटाशी आणि मनगटाची ती हालचाल. नाडी दोन हातांनी बांधतात. तो एका हाताने काहीतरी धरून दुसऱ्याने फिरवत होता. इतके महिने मी रोज संशयाने त्या गल्लीकडे बघते आणि ज्या दिवशी बघायला हवं होतं, त्या दिवशी माझी गाडी दिसताच आत वळले.

अतुलचा चेहरा उतरला. तो टपरीच्या फळीला टेकला. "काकू, मेरी कमर..." तो म्हणाला. "मला गाडीत बसून खाली वाकता येत नाही. महिनाभर झाला. क्लचपर्यंत हातच जात नाही. हेमलता को बोलता तो बोलती, डॉक्टर के पास चलो. मी दांडा नुसता चाकाला लटकवत होतो. दिखाने के लिए. चाबी अंदर ही रहती थी." सकाळी गाडी दिसली नाही, दांडा किल्लीसकट खाली पडलेला दिसला. बायको काय म्हणेल, विमेवाले काय म्हणतील, या भीतीने त्याने कुलूप फिरवून किल्ली काढली आणि खिशात टाकली. नथ्थूजींचं नाव घ्यायचं त्याच्या मनातही नव्हतं. ते नाव हेमलताने घेतलं आणि मग मी. मी इतकं बोलले की त्याला मागे फिरता येईना.

नथ्थूजींनी सगळं ऐकलं. ते ओरडले नाहीत. फक्त म्हणाले, "चोरानं टॉर्च मारला असन, भैया. लाल दांडा यांच्याही गाडीत, तुमच्याही. पण यांचा खालून क्लचले होता, तुमचा लटकून राहिला होता. त्याले काय, दोन मिनिटांचं काम." मग दांडा परत देत म्हणाले, "कमरेचं मले सांगतलं असतं तर गिअरचं कुलूप बनवून दिलं असतं. वाका नाही लागत."

घरी येऊन अर्ज मी अतुलला परत दिला, सहीची रेघ रिकामीच. दुसऱ्या दिवशी त्याने दुसरा अर्ज दिला, खरा. गाडी सापडली नाही. हेमलता तीन आठवडे माझ्याशी बोलली नाही, आणि तिचंही बरोबर असेल. माझ्या गाडीचा दांडा नीट लागला होता, म्हणून चोर शेजारी वळला. नथ्थूजींनी ते पहिल्याच दिवशी सांगितलं होतं.

पण मी नथ्थूजींबद्दल जे बोलले ते सगळ्या गल्लीने ऐकलं आणि नंतर जे कळलं ते टपरीवरच्या पाच जणांनाच. म्हणून हे लिहायला बसले. अतुलला विचारूनच लिहिते आहे. तो म्हणाला, लिहा काकू, फक्त कमरेचं नक्की लिहा.

आता थोडंच राहिलं. मागच्या सोमवारी मी वातींच्या डब्याखालची किल्ली काढली आणि एकटीच कमानियाला गेले. "३७ ख" फळीवर ठेवली. म्हटलं, "नथ्थूजी, ही बोर्डावर राहू दे."

मला वाटलं होतं, ते खूश होतील. त्यांनी किल्ली उचलली, चष्मा लावला आणि उजेडात धरली. दातांवरून नख फिरवलं. मग एक पातळ पट्टी काढून एकेका खाचेला लावून बघितली. फडक्याने पुसून, फडक्याला साबण किंवा मेण लागतंय का तेही बघितलं. पाच मिनिटं तरी गेली. मी उभी होते. शेजारच्या दुकानातला माणूस बघत होता.

"काय बघताय इतकं?" मी शेवटी विचारलंच.

"कोणी छाप तर नाही घेतला, ते. सात महिने बाहेर होती."

"माझ्या देवघरात होती!"

"असन," नथ्थूजी म्हणाले. "पण परत आलेलं औजार तपासल्याबिगर खिळ्यावर नाही जात, ताई. कोणी आणलं ते नाही पाहत आम्ही."

मला राग आला. मग माझ्या लक्षात आलं की सात महिने मी त्यांच्याकडे याच नजरेने बघत होते आणि ते माझ्यासारखे चिडले नव्हते. त्यांनी पट्टी खाली ठेवली, सदतीस नंबरचा बिल्ला काढून खणात टाकला आणि किल्ली खिळ्याला लावली.

"बरोबर आहे," ते म्हणाले.

निघताना मी वळून एकदा बोर्डाकडे बघितलं. किल्ली होती. कोपऱ्यावर जाऊन, ऑटो थांबवून, पुन्हा एकदा परत येऊन बघितलं. अजून होती. नथ्थूजींनी मान वर न करता विचारलं, "मोजून झालं, ताई?"